द्वत्तिंसाकार आणि शरीररचनाशास्त्र

आपल्या विहारांतून आणि श्रामणेर शिबिरांतून शरीराच्या बत्तीस भागांचे पठण केले जाते. पालि भाषेत त्यास 'द्वत्तिंसाकार' असे म्हणतात. कित्येक उपासक-उपासिकांना हा पाठ मुखोद्गत असतो. तथापि त्याचा अर्थ कोणता, असे विचारले असता बहुधा एकच उत्तर मिळते : शरीर हे घाणीचे गाठोडे आहे, त्याचा मोह धरू नये. हे उत्तर चुकीचे नसले तरी अपुरे आहे, असे आम्हांस वाटते. ज्या समाजाच्या शरीरालाच शतकानुशतके विटाळ म्हणून हिणविले गेले, त्या समाजाने हा पाठ अर्धवट समजून घेणे धोक्याचेही आहे. म्हणून प्रस्तुत लेखात आम्ही तीन गोष्टींचा विचार करणार आहोत. पहिली, या बत्तीस भागांचे पालि ग्रंथांतील वर्णन आधुनिक शरीरशास्त्राशी कोठे जुळते व कोठे जुळत नाही. दुसरी, शरीरातील निरनिराळ्या संस्था परस्परांवर कशा अवलंबून आहेत. आणि तिसरी, या ज्ञानाचा जातिभेदाशी व आपल्या समाजाच्या आरोग्याशी कोणता संबंध आहे.

पाठाचे मूळ आणि पद्धती

बत्तीस भागांचा पूर्ण पाठ खुद्दकपाठात आढळतो. मज्झिम निकायातील सतिपट्ठान सुत्त व कायगतासति सुत्त, तसेच अंगुत्तर निकायातील गिरिमानन्द सुत्त यांत मात्र एकतीसच भाग येतात. बत्तिसावा भाग म्हणजे 'मत्थलुंग', अर्थात मेंदू, या सुत्तांतील यादीत नाही. मिलिंदपञ्हात भदन्त नागसेन राजा मिलिंदाशी संवाद करतात तेव्हा मेंदूचाही उल्लेख येतो. याचा अर्थ असा की, यादी कालांतराने पूर्ण होत गेली. धम्माच्या परंपरेत निरीक्षणाने भर घालण्यास वाव होता, हे यावरून दिसते.

सतिपट्ठान सुत्तात या पाठाच्या जोडीला एक उपमा आहे. दोन्ही टोकांना तोंड असलेली एक धान्याची पिशवी आहे. तीत साळ, भात, मूग, उडीद, तीळ, तांदूळ अशी धान्ये मिसळलेली आहेत. डोळस मनुष्य ती पिशवी सोडतो आणि हे मूग, हे उडीद, हे तीळ, असे एकेक वेगळे करून पाहतो. शरीराकडेही तसेच पाहावे, असे तथागत सांगतात. धान्य निवडणाऱ्या माणसास मुगाची किळस येत नाही आणि तांदळाचा मोहही पडत नाही. तो केवळ जे आहे ते ओळखतो. हीच शास्त्रीय दृष्टी होय.

पाचव्या शतकात आचार्य बुद्धघोषांनी विशुद्धिमग्ग या ग्रंथात या प्रत्येक भागाचे विवरण केले. त्यांनी पाच कसोट्या ठरविल्या आहेत : वर्ण, आकार, दिशा, स्थान आणि मर्यादा. म्हणजे रंग कोणता, घडण कशी, नाभीच्या वर की खाली, नेमकी जागा कोणती आणि शेजारच्या भागापासून तो वेगळा कोठे होतो. वैद्यकीय महाविद्यालयातील विद्यार्थी आज शवविच्छेदनाच्या मेजापाशी उभा राहून प्रत्येक अवयवाबद्दल जवळजवळ हेच प्रश्न विचारतो.

बत्तीस भागांचे सहा गट पाडलेले आहेत. पहिले चार गट पाच-पाच भागांचे, असे वीस घन भाग. शेवटचे दोन गट सहा-सहा भागांचे, असे बारा द्रव भाग. घन भाग पृथ्वीधातूत आणि द्रव भाग आपधातूत मोडतात. पहिला गट केस, रोम, नखे, दात व त्वचा यांचा. श्रामणेराला प्रव्रज्येच्या वेळी हाच गट प्रथम दिला जातो, कारण माणसाला माणसाचे जे दिसते ते इतकेच असते. बाकीचे सत्तावीस भाग त्वचेच्या आड असतात.

त्वचा आणि वर्ण

त्वचेसंबंधी विशुद्धिमग्गातील विवेचन आपल्या वाचकांनी विशेष लक्षात ठेवण्यासारखे आहे. बुद्धघोष 'छवि' आणि 'तच' असा भेद करतात. छवि म्हणजे सर्वांत वरचा पातळ पापुद्रा. काळा, सावळा, गोरा हे रंग या पापुद्र्याचे आहेत. साऱ्या देहावरून तो सोलून गोळा केला तर बोराच्या आठळीएवढाच होईल, असे ते म्हणतात. त्याखालची खरी त्वचा सर्वांची पांढरीच असते.

आधुनिक शास्त्र हेच अधिक नेमकेपणाने सांगते. त्वचेचा बाह्य थर बहुतेक ठिकाणी सुमारे ०.१ मिलिमीटर जाडीचा असतो. त्यात मेलॅनिन नावाचे रंगद्रव्य असते. हे रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशींची संख्या गोऱ्या व काळ्या माणसांत जवळजवळ सारखीच असते. फरक पडतो तो रंगद्रव्याच्या प्रमाणात व प्रकारात. सूर्याच्या अतिनील किरणांपासून शरीराचे रक्षण करणे हे त्याचे काम. ज्या वर्णाच्या अभिमानावर साम्राज्ये उभी राहिली आणि विवाह मोडले गेले, तो कागदाच्या जाडीचा एक थर आहे.

अस्थी, स्नायू आणि शब्दांचा घोटाळा

विशुद्धिमग्गात हाडांची संख्या सुमारे ३०० दिली आहे. सुश्रुतसंहितेतही ३०० आणि चरकसंहितेत ३६० अशी संख्या येते. आधुनिक गणनेनुसार प्रौढ माणसाच्या शरीरात २०६ हाडे असतात. दात, नखे व कूर्चा यांची गणना हाडांत केल्यामुळे प्राचीन आकडे वाढले. नवजात बालकाच्या शरीरातील हाडांची संख्या मात्र २७० हून अधिक असते. वाढ होताना त्यांतील अनेक हाडे एकमेकांस जुळून एक होतात.

येथे शब्दांविषयी एक खुलासा आवश्यक आहे. पालि 'न्हारु' हा संस्कृत 'स्नायु' या शब्दाचा अवतार. परंतु प्राचीन ग्रंथांत त्याचा अर्थ हाडे बांधून ठेवणारे चिवट दोर, म्हणजे आजच्या भाषेत कंडरा व अस्थिबंध, असा आहे. आजच्या मराठीत आपण स्नायू हा शब्द मांसपेशीसाठी वापरतो. तिला पालित 'मंस' असा स्वतंत्र शब्द आहे. त्याचप्रमाणे 'लसिका' म्हणजे सांध्यांतील वंगण, असे बुद्धघोष स्पष्ट सांगतात. आजच्या वैद्यकीय मराठीत लसिका हा शब्द रोगप्रतिकाराशी संबंधित अशा निराळ्याच द्रवासाठी रूढ आहे. पाठाचे भाषांतर करताना हा भेद न पाळल्यास अर्थाचा अनर्थ होतो.

आतील अवयव : जुळणारे व न जुळणारे

प्लीहा, म्हणजे पाणथरी, हृदयाच्या डाव्या बाजूस, सात अंगुळे लांब, काळ्या वासराच्या जिभेसारखी, असे विशुद्धिमग्गात म्हटले आहे. प्रत्यक्षात पाणथरी डाव्या बरगड्यांखाली असते व तिची लांबी सुमारे १० ते १२ सेंटिमीटर असते. हे वर्णन प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय होणे कठीण. आतडी २१ ठिकाणी वेटोळी घालून बसलेली आहेत, हेही निरीक्षण उत्तम आहे. त्यांची लांबी मात्र पुरुषात ३२ हात सांगितली आहे, ती वास्तवाच्या सुमारे दीडपट-दुप्पट होते. लहान आतडे सुमारे ६ ते ७ मीटर आणि मोठे आतडे सुमारे दीड मीटर लांब असते.

मूत्रपिंडांना पालित 'वक्क' म्हणतात. एका देठाला लागलेल्या दोन आंब्यांसारखी ती दिसतात, ही उपमा सुरेख आहे. परंतु त्यांचे स्थान हृदयाच्या दोन्ही बाजूंस दिले आहे, ते चूक आहे. मूत्रपिंडे पोटाच्या मागील भिंतीस, कमरेच्या किंचित वर, कण्याच्या दोन्ही अंगांस असतात. मूत्राचा उल्लेख यादीत अगदी शेवटी स्वतंत्रपणे येतो, आणि त्याचा मूत्रपिंडाशी असलेला संबंध तेथे सांगितलेला नाही. साचलेल्या पाण्यात ठेवलेल्या पाझरत्या मडक्यात पाणी शिरते, पण त्याची वाट दिसत नाही, त्याप्रमाणे मूत्राशयात मूत्र शिरते, असे बुद्धघोष लिहितात. वाट दिसत नाही हे त्यांनी झाकून ठेवले नाही. ती वाट आज आपल्याला ठाऊक आहे. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे १० लाख सूक्ष्म गाळण्या असतात. दोन्ही मिळून दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात, त्यातील जवळजवळ सर्व पुन्हा रक्तात परत घेतात आणि केवळ दीड लिटरच्या आसपास मूत्र सुमारे २५ ते ३० सेंटिमीटर लांबीच्या दोन बारीक नळ्यांतून मूत्राशयात सोडतात.

रक्ताविषयीचा विचारही असाच बोलका आहे. एक साचलेले रक्त आणि दुसरे शिरांच्या जाळ्यातून फिरणारे रक्त, असे दोन प्रकार विशुद्धिमग्गात सांगितले आहेत. रक्त फिरते हे जाणले गेले होते. मात्र तेच रक्त हृदयातून निघून पुन्हा हृदयात परत येते, हे इंग्लंडमधील विल्यम हार्वे यांनी १६२८ साली सिद्ध केले. धमन्या व शिरा यांना जोडणाऱ्या केशवाहिन्या इटलीतील मार्सेलो माल्पिघी यांनी सूक्ष्मदर्शकातून १६६१ साली दाखविल्या. आपले हृदय मिनिटाला सुमारे ७२ वेळा, म्हणजे दिवसाला सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावते आणि मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त पुढे ढकलते.

हृदयाच्या पोकळीत अर्धा पसा रक्त असते व मन त्याच्या आश्रयाने राहते, असे अट्ठकथाकारांचे मत होते. आपण आजही 'पसाभर तांदूळ' म्हणतो, तोच हा 'पसत'. परंतु अभिधम्मपिटकातील पट्ठानात मनाच्या आश्रयस्थानाचा उल्लेख करताना हृदयाचे नाव घेतलेले नाही. ज्या रूपाच्या आधारे मनोविज्ञान चालते ते रूप, एवढेच मोघम म्हटले आहे. आज आपण जाणतो की ते कार्य मेंदूचे आहे. सुमारे १३०० ते १४०० ग्रॅम वजनाच्या या अवयवात सुमारे ८,६०० कोटी मज्जापेशी असून, शरीराच्या वजनाचा केवळ पन्नासावा हिस्सा असलेला हा भाग विश्रांतीच्या स्थितीत शरीराला मिळणाऱ्या प्राणवायूचा सुमारे पाचवा हिस्सा वापरतो. मूळ वचनाने जागा मोकळी ठेवली होती, म्हणून नवे ज्ञान स्वीकारताना आपल्याला धम्माशी झगडावे लागत नाही.

संस्था आणि प्रतीत्यसमुत्पाद

अवयवांची यादी हे शरीराचे अर्धे ज्ञान झाले. अवयव एकत्र कसे चालतात, हा दुसरा अर्धा भाग होय. एक साधे उदाहरण घेऊ. एखादी उपासिका विहाराच्या पायऱ्या चढत आहे. मेंदू आज्ञा देतो, मज्जातंतू ती मांसपेशींपर्यंत पोहोचवितात, मांसपेशी आकुंचन पावून हाडांना ओढतात. मांसपेशींना प्राणवायू हवा, म्हणून श्वास जलद होतो. फुप्फुसांत वायुकोशांची संख्या काही कोटींच्या घरात असते. त्यांच्या भिंती उलगडून पसरल्या तर सुमारे ७० चौरस मीटर जागा व्यापतील. तेथे रक्तातील तांबड्या पेशी प्राणवायू उचलतात. तो जेथे गरज आहे तेथे नेण्यासाठी हृदयाचे ठोके वाढतात. इंधन म्हणून लागणारी साखर यकृत आपल्या साठ्यातून सोडते, स्वादुपिंडातून स्रवणारी संप्रेरके तिचे प्रमाण सांभाळतात. निर्माण झालेली उष्णता त्वचेवाटे घामाने बाहेर पडते. घामाने गेलेल्या पाण्याचा तोल मूत्रपिंडे राखतात. दहा-वीस पायऱ्यांच्या या प्रवासात शरीरातील बहुतेक सर्व संस्था कामाला लागतात.

यांतील राजा कोण आणि सेवक कोण? मेंदूला काही मिनिटे रक्त मिळाले नाही तर तो मरतो. हृदयाच्या मांसपेशींनाही स्वतःच्याच रोहिण्यांतून रक्त घ्यावे लागते. रक्तपेशी अस्थिमज्जेत तयार होतात आणि सुमारे १२० दिवसांनी पाणथरीत व यकृतात मोडून त्यांतील लोह पुन्हा वापरले जाते. हे असले तर ते होते, हे थांबले तर ते थांबते, हा प्रतीत्यसमुत्पादाचा नियम येथे प्रत्यक्ष पाहावयास मिळतो. भिक्षुणी वजिरा आणि भदन्त नागसेन यांनी रथाची उपमा दिली ती याच अर्थाने. चाक म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे रथ नव्हे. भाग विशिष्ट रीतीने जुळले म्हणजे त्या व्यवहारास रथ म्हणतात. शरीरात कोठेही स्वतंत्र, अविकारी आत्मा बसलेला सापडत नाही, हा अनात्मवाद शवविच्छेदनाच्या मेजावर अबाधित राहतो.

शरीर आणि जातिभेद

ब्राह्मणी परंपरेने शरीराचे एक वेगळेच चित्र रंगविले. पुरुषसूक्तात मुख, बाहू, मांड्या आणि पाय यांच्याशी चार वर्ण जोडले आणि पायांना तळाचे स्थान दिले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ साली प्रकाशित झालेल्या शूद्रांविषयीच्या ग्रंथात या सूक्ताची सविस्तर चिकित्सा केली आहे. आम्ही येथे केवळ शरीरशास्त्राची साक्ष काढतो. माणसाच्या २०६ हाडांपैकी प्रत्येक पावलात २६ आणि प्रत्येक हातात २७, म्हणजे एकूण १०६ हाडे हातापायांत आहेत. अर्ध्याहून अधिक सांगाडा हातापायांचा आहे. उभ्या माणसाचे पायांतील रक्त गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्ध हृदयाकडे चढविण्याचे काम पोटऱ्यांच्या मांसपेशी करतात, म्हणून वैद्यक त्यांना दुसरे हृदय मानते. पाय थांबले तर मुखालाही बोलणे सुचणार नाही.

सुत्तनिपातातील वासेट्ठ सुत्तात भगवंतांनी हाच प्रश्न निसर्गाच्या न्यायाने सोडविला आहे. गवत, झाडे, कीटक, पशू, मासे व पक्षी यांच्यात जन्मानेच निरनिराळी लक्षणे आढळतात. माणसांत मात्र केस, डोके, कान, डोळे, नाक, ओठ, हात, पाय यांपैकी कशातही तशी जातिदर्शक लक्षणे नाहीत. माणसांतील भेद केवळ व्यवहारातील नावांचा आहे. शरीररचनेच्या पुराव्यावर जातिभेद नाकारणारा हा युक्तिवाद सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीचा आहे. बाबासाहेबांनी १९४८ साली 'अस्पृश्य कोण होते' या प्रश्नाचा विचार करताना हीच पद्धती वापरली. नाकाच्या मोजमापांची उपलब्ध आकडेवारी तपासून त्यांनी दाखविले की ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे आहेत, आणि म्हणून अस्पृश्यतेचे मूळ वंशभेदात शोधता येत नाही.

रक्तानेही हीच साक्ष दिली. कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ साली रक्तगटांचा शोध प्रसिद्ध केला. रक्तगट जात पाहून ठरत नाहीत. ब्राह्मणाचा ओ गट आणि बौद्धाचा ओ गट यांत परीक्षानळी भेद करू शकत नाही. १९५२ साली डॉ. य. मो. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत एक अत्यंत दुर्मिळ रक्तगट शोधून काढला. तो जगभर बॉम्बे रक्तगट म्हणून ओळखला जातो. अशा गटाच्या रुग्णास जीवदान मिळते ते त्याच गटाच्या दात्याकडून, आणि तो दाता कोणत्या वस्तीत जन्मला हे कोणी विचारीत नाही.

शरीराच्या ज्ञानाला विटाळाच्या कल्पनेने किती काळ अडविले, याचाही विचार केला पाहिजे. सुश्रुताने शव पाण्यात कुजवून त्याचे थर सोलून पाहण्याची पद्धती सांगितली होती. विनयपिटकातील महावग्गात जीवकाने वाराणसीच्या श्रेष्ठिपुत्राचे पोट उघडून आतड्याची गाठ सोडविल्याची कथा आहे. परंतु पुढे प्रेताला स्पर्श हाच विटाळ ठरला आणि विद्वानाने हात बाजूला घेतला. १८३६ साली कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात पंडित मधुसूदन गुप्त यांनी शवविच्छेदन केले, तेव्हा ती क्रांतिकारक घटना मानली गेली. याच काळात मेलेली जनावरे ओढणारे, सोलणारे आणि प्रेते वाहणारे हात गावकुसाबाहेर होते. त्या हातांना शरीराची ओळख होती, पण त्यांना अक्षर शिकण्याची मनाई होती. ज्यांना अक्षर होते त्यांनी हात लावला नाही. ज्ञानाचे हे दोन तुकडे जातिव्यवस्थेने केले आणि साऱ्या देशाचे वैद्यक त्यामुळे मागे पडले.

अशुभ म्हणजे तिरस्कार नव्हे

आता आम्ही मूळ प्रश्नाकडे येतो. बत्तीस भागांच्या पठणास अशुभभावना म्हणतात, मग त्यामुळे शरीराचा द्वेष वाढत नाही काय? पिटकातच याचे उत्तर आहे. वैशाली येथे काही भिक्खूंनी अशुभभावनेचा अतिरेक करून देहाची घृणा धरली व स्वतःचे प्राण घेतले. हे कळल्यावर तथागतांनी भिक्खुसंघाला आनापानसतीचा, श्वासाच्या स्मृतीचा मार्ग शिकविला. देहद्वेष हे या साधनेचे फळ नव्हे, हे याहून स्पष्ट कसे सांगता येईल?

दुसरे असे की, ही यादी सर्वांची एकच आहे. राजाच्या पोटातही तीच आतडी, पुरोहिताच्या नाकातही तोच शेंबूड, आणि झाडूवाल्याच्या हृदयातही तेच रक्त. जर शरीर अशुद्ध असेल तर ते प्रत्येकाचे सारखेच अशुद्ध आहे, आणि कोणा एकाला शुद्ध व दुसऱ्याला विटाळ म्हणण्याचा आधारच उरत नाही. महावग्गात अतिसाराने स्वतःच्या मलमूत्रात पडलेल्या भिक्खूला स्वतः तथागतांनी आनंदासह न्हाऊ घातल्याची घटना आहे. आजाऱ्याची सेवा ही आपलीच सेवा होय, असा उपदेश त्यांनी त्या प्रसंगी केला. ज्यांनी अशुभभावना शिकविली त्यांचेच हात त्या मळलेल्या शरीराला लागले होते.

रोगाचे कारण : सिकलसेलचा प्रश्न

शरीर न समजल्यास काय होते, याचे जिवंत उदाहरण विदर्भात आहे. नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, भंडारा या भागांत आदिवासी बांधवांप्रमाणेच अनुसूचित जातींत व बौद्ध समाजात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार लक्षणीय प्रमाणात आढळतो. मुलाचे सांधे दुखतात, डोळे पिवळे होतात, रक्त कमी पडते. घरात मग पूर्वजन्मीचे पाप, करणी, कुळाचा दोष अशी कुजबुज सुरू होते आणि बहुधा आईला बोल लागतो.

संयुत्त निकायात मोळिय सीवक या परिव्राजकाने भगवंतांना विचारले आहे की, माणसाला होणारे सारे सुखदुःख पूर्वकर्मानेच होते काय? तथागतांनी हे मत अमान्य केले. पित्त, कफ, वात, त्यांचे मिश्रण, ऋतूंचे बदल, अयोग्य वागणूक, बाहेरून झालेला आघात अशी अनेक कारणे त्यांनी सांगितली. पूर्वकर्म हे त्या यादीतील केवळ एक आहे. म्हणून आजाराचे कारण शोधणे हेच धम्माला धरून आहे.

सिकलसेलचे कारण आज पुरते ज्ञात आहे. तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिन या प्रथिनाच्या साखळीत सहाव्या जागी एका घटकाऐवजी दुसरा घटक येतो. एवढ्याशा बदलाने प्राणवायू कमी पडताच पेशी विळ्याच्या आकाराची व ताठर होते. अशा पेशी बारीक केशवाहिन्यांत अडकतात, म्हणून असह्य वेदना होतात. १२० दिवसांऐवजी त्या १० ते २० दिवसांतच मोडतात, म्हणून रक्तक्षय व कावीळ होते. त्या मोडता मोडता पाणथरीवर ताण येतो आणि पुढे ती निकामीही होऊ शकते. आईवडिलांपैकी दोघांकडून हा दोष मिळाला तर आजार होतो. एकाकडूनच मिळाला तर मनुष्य वाहक असतो व बहुधा निरोगी जीवन जगतो. दोन वाहकांचा विवाह झाला तर प्रत्येक अपत्याच्या बाबतीत आजाराची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के आणि पूर्ण निरोगी असण्याची २५ टक्के असते. दोष दोघांकडूनही येतो. एकट्या आईला बोल लावणे हे अज्ञान आहे.

हा आजार काही समाजांतच अधिक का, याचे उत्तरही पापात नाही. वाहक व्यक्तींना घातक हिवतापापासून बऱ्याच अंशी संरक्षण मिळते, म्हणून हिवतापाच्या जंगलपट्ट्यांत हा गुण टिकला. जातीतच विवाह करण्याच्या सक्तीने तो त्या त्या समाजात कोंडला गेला. जातीने बांधलेली भिंत अशी रक्तातही दिसते.

काय करता येईल? विद्राव्यता चाचणी ही अगदी सोपी व स्वस्त चाचणी आहे. ती सकारात्मक आल्यास पुढील तपासणीने वाहक व रुग्ण यांतील भेद ठरतो. केंद्र शासनाने १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन मोहिमेस प्रारंभ केला. २०४७ सालापर्यंत हा आजार संपविणे हे तिचे उद्दिष्ट आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल रुग्णांचा समावेश आहे. हायड्रॉक्सियुरिया या औषधाने वेदनेचे झटके कमी करता येतात, ते वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे लागते. विवाह जुळविताना पत्रिका न पाहणारा आपला समाज आहे. त्याने वधूवरांची ही चाचणी मात्र आवर्जून पाहावी. दोघेही वाहक निघाले तर कोणास हीन लेखू नये, वैद्यकीय सल्ल्याने निर्णय घ्यावा.

विहारांचे कार्य

१४ एप्रिल व ६ डिसेंबर या दिवशी आपल्याकडे रक्तदान शिबिरे भरविली जातात, ही अभिमानाची गोष्ट आहे. त्यास जोडून विहारांनी तीन कामे हाती घ्यावीत, असे आम्ही सुचवितो. द्वत्तिंसाकाराचे पठण होईल तेव्हा एखाद्या डॉक्टरांनी अथवा जीवशास्त्राच्या शिक्षकांनी त्या दिवशी एका गटाचे विवरण चित्राच्या साहाय्याने करावे. सहा आठवड्यांत सहा गट पूर्ण होतात. विवाहमंडळाच्या नोंदणीपत्रकात सिकलसेल चाचणीचा रकाना ठेवावा, परंतु तो गुप्त राखावा. आणि मृत्यूनंतर देहदान व नेत्रदान करण्याची इच्छा ज्यांना असेल त्यांना जवळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची माहिती विहारात मिळावी. आत्म्याच्या सद्गतीची चिंता ज्यास नाही, त्याला हा निर्णय कठीण जाऊ नये. आपल्या देहावर एखादा विद्यार्थी, तो कोणत्याही घरचा असो, हाडे, आतडी, मूत्रपिंडे आणि मेंदू हातात घेऊन ओळखावयास शिकेल. पाठात आपण जी नावे आयुष्यभर उच्चारली, ती तो बोटाने दाखवील.